पहिल्या खांबाचा धनी

कानुंगा, रारिएदा
१० जानेवारी २०१६

चि. मिलका हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाताळचं पत्र आणि कापड बसवाल्याने परवा बाजारात हातात दिलं. कापडाचा रंग फार भडक आहे. या वयात ते गुंडाळून मी चर्चला गेले तर पास्टर प्रवचन विसरतील. पण आवडलं, खोटं कशाला बोलू. सोबत वाळवलेले ओमेना मासे पाठवते आहे, नीट झटकून घे, यंदा वाळू जास्त आहे.

आता मुख्य बातमी. मदतवाल्यांचे पैसे आले. मी शेंगा सोलत बसले होते, तर सुपाशेजारी ठेवलेल्या फोनवर उजेड लागलेला दिसला. हिवतापावरच्या क्विनीनने माझे कान नेल्यापासून तो फोन माझ्या लेखी मुकाच, म्हणून तर आपली ही पत्रं चालतात. संदेश वाचला, पुन्हा वाचला, मग तशीच बाजारातल्या फोनच्या टपरीवर गेले. टपरीवालीने पाहिलं आणि तोंड माझ्याकडे वळवून सावकाश म्हणाली की मावशी, खरे आहेत.

गेल्या वर्षी त्या मदतवाल्या मुली गवती छपराची घरं हुडकत गावात आल्या, ते मी तुला लिहिलं होतं. पैसे देणार, परत मागणार नाही, कशावर खर्च केले तेही विचारणार नाही, असं म्हणाल्या तेव्हा निम्मं गाव घाबरलं. पास्टर म्हणाले, सैतानाचे पैसे आहेत, रात्री घरात साप येईल. ओगुतू भावजींच्या सुनेने तर त्या मुलींच्या तोंडावर दार लावलं, आता कपाळ बडवून घेते आहे. मी म्हटलं, साप आला तर येऊ दे, तेवढंच घरात कुणीतरी येईल.

पैशांचे मी पत्रे घेतले, चांगले जाड. गवताला आता वाळवी लागली आहे, खाटेच्या वर आभाळ दिसतं, आणि मार्चअखेर पाऊस. पण पत्रे आणून ठेवल्यावर ओगुतू भावजी आले आणि ज्याची मला भीती होती तेच बोलले. नवं घर बांधायचं तर नवऱ्याने पहाटे पहिला खांब रोवायचा, आणि घर उभं राहिलं की पहिली रात्र त्यात बायकोशेजारी काढायची. मुलगा असता तर त्याने केलं असतं, पण मला देवाने दोन्ही मुलीच दिल्या आणि त्या आपापल्या सासरी. मी विधवा असते तर वेगळी वाट होती. मी विधवा नाही. मला नवरा आहे, फक्त तो इथे नाही.

म्हणून तुला गळ घालते. आपले यजमान मला सोडून तुझ्याकडे आले, तुला सोडून तिसरीकडे गेले. ते गेले तेव्हा तू मला पहिलं पत्र लिहिलंस, धनी गावी आलाय का म्हणून. ते वाचून मी आधी पोट धरून हसले होते आणि मग दोन दिवस जेवले नव्हते. आज तोच प्रश्न मी तुला विचारते आहे. कुठे आहेत ते, काही माग लागतो का बघ. मला ते कायमचे नकोत. एक पहाट आणि एक रात्र पुरे.

तब्येतीला जप. तेलाच्या धुरात फार वेळ उभी राहू नकोस.

तुझा लोभ आहे म्हणून मागते,
डोर्कस अवुओर


लिकोनी, मोंबासा
२४ जानेवारी २०१६

ति. अक्कांस मिलकाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, ओमेनाही. त्या दिवशी गिऱ्हाइकांना मासे तळून दिले आणि स्वतः घरी येऊन ओमेना खाल्ले. शेजारणीने वास घेऊन विचारलं, पाहुणे आलेत का. मी म्हटलं, हो, माझ्या सवतीने जेवण धाडलंय. ती अजून माझ्याकडे संशयाने बघते आहे.

पैशांचं वाचून बरं वाटलं. खरं सांगायचं तर आधी पोटात दुखलं, मग बरं वाटलं. आम्हा शहरवाल्यांना कोण देतो हो. माझ्या भाड्याच्या खोलीवर पत्रे आहेत, म्हणजे मी गरिबात बसत नाही. इथे गवत मिळत नाही, नाहीतर मीही चार पेंढ्या डोक्यावर घालून त्या मुलींची वाट बघत बसले असते.

पण अक्का, एक विचारू का? ज्यांनी पैसे दिले त्यांनी एक अट घातली नाही, आणि तुम्ही आपणहून आपल्या धन्याची, त्या झकारिया ओचोलाची अट घालून घेता. सुतार बोलवा, खांब रोवा, पत्रे ठोका आणि झोपा. ओगुतू भावजींना एक कोंबडी कापून घाला, ते गप्प बसतील. तो माणूस आपल्या दोघींच्या छपराखालून निघून गेला. त्याच्या हातचा खांब काय वेगळा उभा राहणार आहे?

तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे, म्हणून चौकशी सुरू केली आहे. फेरीबोटीवर काम करणारा आपल्याकडचा एक माणूस म्हणाला की तो मालिंदीला आहे, कुठल्याशा हॉटेलच्या फाटकावर. खरं खोटं देव जाणे. एखादा दिवस गाडा बंद ठेवून जाऊन येईन. इथे गाडा बंद राहिला तर विचारायला कोणी येत नाही, एवढी एक सोय आहे.

माया पातळ होऊ देऊ नका,
मिलका अपोंदी


कानुंगा
१४ फेब्रुवारी २०१६

चि. मिलका हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा सल्ला वाचला. तू मोंबासात आहेस म्हणून तुला तो सुचतो. इथे तसं घर बांधलं तर माझ्या मुली त्यात मुक्कामाला येणार नाहीत. आल्या तरी पोरांना आत जेवू घालणार नाहीत. रीत मोडली तर चिरा हा शाप लागतो, माणूस झिजत जातो, हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. मी त्यावर विश्वास ठेवते का, ते मलाही नक्की सांगता येत नाही. पण माझ्या घरात कुणी जेवणार नसेल तर मी ते पत्रे कुणासाठी चढवू?

आणि कोंबडीने ओगुतू भावजी गप्प बसणार नाहीत. परवा ते समोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाले की झकारिया सापडत नसेल तर मीच खांब रोवतो, भाऊच आहे मी त्याचा. त्याचा अर्थ काय होतो तो तुलाही कळतो आणि मलाही. नवरा जिवंत असताना दिराने घरात खांब घालायचा, मग उद्या खाट घालायची, परवा गाय बांधायची. मी म्हटलं, भावजी, तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही. ते रागावून उठले, आणि उठताना खरोखरच गुडघा धरला.

गावाचं विचारलं होतंस. गाव बदललं, मिलका, आणि चांगलंच बदललं म्हणायला हवं. सूर्य वर आला की टेकडीवरून बघवत नाही, इतके पत्रे चमकतात. पामेलाने दुभती गाय घेतली, तिच्या नातवंडांच्या अंगावर मांस दिसायला लागलंय. समोरच्या न्यार गेम बाईने शिवणाचं यंत्र घेतलं, तिचा नवरा आता बायकोला विचारून बाजारात जातो. मी स्वतः दोन्ही वेळ पोटभर जेवते आहे, चहात दूध घालते. याला जो नावं ठेवील त्याने आधी उपाशी झोपून बघावं.

पण एक गोष्ट लिहिते, हसू नकोस. पूर्वी सकाळपासून माझ्या दारात कुणी ना कुणी असायचं. मीठ दे, विस्तव दे, टोपलंभर ज्वारी दे, सुगीला देते. मी चिडायचे, आठवत असेल तुला. आता सगळ्यांकडे मीठ आहे, काडेपेटी आहे. कुणाचं कुणावाचून अडत नाही, त्यामुळे कुणी येत नाही. गवत शाकारायचं तर वीस माणसं लागायची, बाया गवत वाहून आणायच्या, दिवसभर थट्टामस्करी, संध्याकाळी जेवण. पत्र्याला एक सुतार आणि त्याचा साथीदार पुरतो, ते दुपारी पैसे घेऊन निघून जातात. मला ऐकू येत नाही, पण माणसं समोर असली की ओठ दिसायचे. आता दिवसात पाहायला ओठ मिळत नाहीत.

माझे पत्रे केळीखाली रचून ठेवलेत. कोंबड्या त्यावर बसतात. सगळ्या गावात गवत राहिलेलं घर आता माझं एकटीचं आहे. पोरं येताजाता त्याच्याकडे जुन्या गोष्टीतलं काही दाखवावं तसं बोट दाखवतात.

मालिंदीला गेलीस का? भाड्याचे पैसे फोनवर पाठवलेत, परत करायचा शहाणपणा करू नकोस.

आठवण ठेवणारी,
डोर्कस अवुओर


लिकोनी, मोंबासा
२८ फेब्रुवारी २०१६

ति. अक्कांस सा. न. वि. वि.

आपला धनी सापडला. तुम्ही बसून वाचा.

मालिंदीला समुद्राकडे एक हॉटेल आहे, बंद पडलेलं. पाहुणे येत नाहीत, मालक येत नाही, आणि त्याच्या फाटकावर आपला झकारिया ओचोला पहारा देतो. कशावर पहारा देतो ते त्यालाही माहीत नसावं. मी आधी ओळखलंच नाही. तो उंच, ताठ, टोपी तिरकी घालणारा माणूस कुठे गेला कोण जाणे. खालचे दात गेलेत, खांदे पुढे आलेत. त्याने मात्र मला लगेच ओळखलं आणि पहिला प्रश्न केला, काही खायला आणलंयस का.

तिसरीने त्याला केव्हाच बाहेर काढलंय. फाटकाशेजारी पहारेकऱ्याची खोली आहे, त्यात झोपतो. मला वाटलं होतं की त्याला असा बघून मला आनंद होईल. इतकी वर्षं त्याच आनंदाची मी वाट बघत होते. झाला नाही, याचा मला राग आलाय.

तुमचं घराचं सांगितलं. पैशांचं नाव काढताच त्याचे डोळे पूर्वीसारखे हावरे झाले. किती मिळाले, कुणी दिले, फोन कुणाच्या नावावर आहे. मी म्हटलं, ते सगळे पत्र्यात गेले, तुला खायचे असतील तर पत्रे खा. मग घासाघीस सुरू झाली. येण्याजाण्याचं भाडं, नवे बूट, बकरा आणि एक सायकल. अनवाणी गावात शिरलो तर भाऊ हसेल म्हणतो. सायकल मी कापली. बूट आणि बकरा ठरले. मासळीबाजारात मी रोज घासाघीस करते, पण नवऱ्याचा भाव करायची वेळ पहिल्यांदाच आली.

पगार मिळाला की सुट्टी घेईन म्हणतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. दोन दिवस राहील, जास्त नाही. फाटक सोडून जास्त राहता येत नाही म्हणे.

निघताना त्याने तुमच्याबद्दल एकच गोष्ट विचारली, डोर्कस अजून चर्चमध्ये गाते का. तुमच्या कानांचं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मीही सांगितलं नाही. मी हो म्हटलं आणि बस पकडली. ते बरोबर केलं की चूक ते तुम्हीच ठरवा.

परतताना बसमध्ये मी फार रडले. त्याच्यासाठी नाही. शेजारची बाई विचारत होती कुणी गेलं का.

तुमच्या पायांशी,
मिलका


कानुंगा
१० मार्च २०१६

चि. मिलका हिस अ. आ.

भाडं आणि बुटांचे पैसे आज तुझ्या फोनवर पाठवले. बूट तूच घे. त्यांच्या हातात पैसे दिलेस तर ते अनवाणीच येतील. डाव्या पायाचा अंगठा मोठा आहे, थोडे सैल बघ.

कानांचं सांगितलं नाहीस ते असू दे. आल्यावर कळेलच.

पामेला काल आली होती, बऱ्याच दिवसांनी. दुधाचा तांब्या घेऊन आली आणि नजर मात्र घरभर. बाया विहिरीवर म्हणतात की डोर्कसने एका रात्रीसाठी नवरा विकत घेतला. मी तिला म्हटलं, महाग पडला, तुझी गाय बरी, रोज दूध तरी देते. ती हसली, मीही हसले. ती गेल्यावर मात्र तो बोल बराच वेळ सलत राहिला.

गादी घेतली, स्पंजाची. एक ब्लँकेट घेतलं. दुकानात उभी असताना मला लाज वाटली, नव्या नवरीसारखी नाही, चोरासारखी. त्यांचं तोंड कसं होतं ते मी आठवून बघते तर मला टोपीच आठवते.

आणखी एक. माझं घर झालं की रीतीप्रमाणे माझ्या डाव्या हाताला तुझं घर उभं राहू शकतं. थोरलीचं नवं घर झाल्याशिवाय धाकटीचं होत नाही, म्हणून इतकी वर्षं तुझ्या नावाची जागा मोकळीच आहे. मी तिथे रताळी लावते. पूर्वी ती मुद्दाम लावायचे, तुझी जागा बुजावी म्हणून. यंदा लावलेली नाहीत. विचार कर.

जिव्हाळा राहू दे,
डोर्कस अवुओर


कानुंगा
२९ मार्च २०१६

चि. मिलका हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

घर झालं. मी पत्र्याखाली बसून लिहिते आहे.

अठरा तारखेला, शुक्रवारी, दुपारच्या बसने ते उतरले. बूट छान होते, पण पायात नाही, हातात. धुळीने खराब होतील म्हणून. पोरांनी फाटकापर्यंत वरात काढली. मी अंगणात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जुन्या छपराकडे, मग केळीखालच्या पत्र्यांकडे, आणि पाणी मागितलं. ते ओठांवर वाचलं आणि दिलं. एवढंच आमचं बोलणं. लगेच ओगुतू भावजी आणि पुरुषमंडळी आली आणि त्यांना घेऊन बसली. ती रात्र ते भावजींकडेच झोपले.

शनिवारी पहाटे खांब. उजाडायच्या आधी ते आले, नवे बूट घालून. खड्डा सुताराने खणून ठेवला होता. मला वाटत होतं की त्यांच्याने खांब उचलवणार नाही. उचलला. कुणाला हात लावू दिला नाही. खांब उभा राहिला तेव्हा मला रडू आलं, मिलका. मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं मी एकटीने कुदळ मारली, मुली उजवल्या, तापात मरता मरता राहिले, आणि या माणसाने एक लाकूड उभं केलं तर सगळे टाळ्या वाजवत होते. तरी रडू आलंच.

मग गाव लोटलं. पत्रे सुतारानेच ठोकले, पण भिंतींना चिखल लिंपायला सगळ्या बाया आल्या. पामेला, न्यार गेम, ओगुतू भावजींची सून, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत माखलेले. बकरा कापला. दिवसभर माझ्या चारी बाजूंना ओठच ओठ होते. कुणाकुणाचं वाचू अशी धांदल झाली. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले आणि आम्ही दोघं ओल्या भिंतींच्या आत उरलो.

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नकोस. त्यांनी दिवा मालवला. मी भिंतीकडे तोंड करून पडले. आता हा माणूस झोपेल, रीत पुरी होईल, एवढंच मनात होतं. थोड्या वेळाने गादी हलायला लागली. मला वाटलं त्यांना खोकला लागलाय. पाणी हवं का बघावं म्हणून मी वळून छातीवर हात ठेवला, तर ते बोलत होते.

अंधारात ओठ दिसत नव्हते. मला ऐकू येत नाही, हे सांगायला मी तोंड उघडणार होते. पण माझा हात छातीवर टेकताच ते क्षणभर थांबले, माझा हात धरला आणि पुन्हा बोलू लागले, आधीपेक्षा भरभर. मी हात काढला नाही. दोनदा मनात आलं की दिवा लावावा. पण उजेडात ते बोलले नसते. त्यांना मी ओळखते.

ते किती वेळ बोलले ते सांगता येत नाही. मध्ये छाती जोरात हलली, ते हसले की रडले ते मला कळलं नाही. गालाला हात लावून बघावा असं वाटलं, धीर झाला नाही. बोलून थकले की थांबायचे, मी झोपले की काय म्हणून बोट दाबून बघायचे, मी उलट बोट दाबलं की पुन्हा सुरू. आमच्या लग्नात ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. दाराच्या फटीत उजेड आला तेव्हा ते झोपले होते.

सकाळी तोंड धुऊन आले ते ओझं उतरवलेल्या हमालासारखे. चहा घेतला. पैशांचा विषय काढला नाही, मी वाट बघत होते. नवं ब्लँकेट मात्र गुंडाळून काखेत मारलं, फाटकावर थंडी असते म्हणाले. मग दारात उभे राहून, उजेडात, माझ्याकडे बघून म्हणाले की आता तुला सगळं ठाऊक आहे. ते मी ओठांवर अगदी स्पष्ट वाचलं. मी मान हलवली. ते गेले.

काल मोठा पाऊस झाला. पामेला सांगत होती की पत्र्यांच्या आवाजाने गावात कुणाला झोप नाही. माझ्या घरात एक थेंब आला नाही. मी उठून हाताने सगळी जमीन चाचपली, कोरडी होती. कुणाला तरी उठवून हे दाखवावं असं वाटलं.

तुझ्या जागेचं काय ठरवलंस ते कळव. मी तण काढून ठेवलंय.

मनात जागा ठेव,
डोर्कस अवुओर


लिकोनी, मोंबासा
१२ एप्रिल २०१६

ति. अक्कांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी गाड्यामागे बसून वाचलं. त्या दिवशी मासे करपले.

तुमचं पत्र येण्याआधी तो येऊन गेला होता. काखेत तुमचं ब्लँकेट. दोन मासे खाल्ले, पैसे दिले नाहीत. आणि मला म्हणतो, डोर्कससारखी बाई नाही. मी तिला सगळं सांगितलं, जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते. रात्रभर हात धरून ऐकलं तिने, मध्ये एक शब्द बोलली नाही. तू असतीस तर पहिल्याच वाक्याला तोंड उघडलं असतंस. खरं आहे, उघडलं असतं. तुमच्या कानांचं तोंडावर आलं होतं. तेल तापलंय म्हणून पाठ फिरवली.

अक्का, तो एवढं काय बोलला हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही, मग तुमचं काय होत असेल. मी पुन्हा मालिंदीला जाऊ शकते. थोडी पाजली की तो बोलतो. अक्काने मला निम्मंच सांगितलं, उरलेलं तू सांग, असं म्हटलं की पुरे. त्याला काही संशय येणार नाही. सगळं काढून घेते आणि शब्दाला शब्द तुम्हाला लिहून कळवते. मुलींबद्दल काही असेल, माझ्याबद्दल असेल, तेही लपवणार नाही. फक्त हो म्हणा.

जागेचं. तुम्ही तण काढलंत ही ओळ मी दोनदा वाचली. पण अक्का, माझं घर उभं करायचं तर त्याला माझ्याही खांबासाठी यावं लागेल आणि माझ्याशेजारी एक रात्र काढावी लागेल. मला ऐकू येतं, हीच माझी अडचण आहे. तो बोलला तर मी भांडेन आणि गप्प राहिला तर मरेन. मी आपली इथेच बरी आहे. तुमचं पत्र येतं त्या दिवशी गाडा लवकर बंद करते, तेवढा सण मला पुरतो. रताळी लावा.

उत्तराची वाट बघते, अंतर देऊ नका,
तुमची मिलका


कानुंगा
२४ एप्रिल २०१६

चि. मिलका हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रताळी लावणार नाही. जागा राहू दे तशीच. ज्याला घर नाही तोही पाहुणा म्हणून येऊ शकतो, त्याला खांब लागत नाही. सुगीनंतर ये. गादी रुंद आहे.

आणि त्यांना विचारू नकोस. गेलीस तर माझ्या गळ्याची शपथ आहे.

नव्या घरात मला लवकर झोप लागत नाही. गवताखाली उंदीर होते, पाली होत्या, काही ना काही हालचाल दिसायची. इथे सगळं स्वच्छ आणि कोरडं आहे, आणि मी एकटी आहे. मग दिवा मालवून मी गादीवर हात ठेवते आणि ते काय बोलले असतील ते स्वतःच जुळवते. एका रात्री त्यांनी माझी माफी मागितली. एका रात्री ते नुसते आमच्या जुन्या तांबड्या गाईबद्दल बोलत होते, ती मी विकली की मेली. तापात मी मरत होते ते त्यांना कुणीतरी कळवलं होतं, आणि ते किसुमू शहरापर्यंत येऊन परत फिरले, असंही एका रात्री त्यांनी सांगितलं. काल म्हणाले की टोपी तिरकी घालायचो ती तुला बघायला. अजून पुष्कळ रात्री उरल्या आहेत.

तू विचारून आलीस तर त्यातली एकच उरेल.

आपलं हे लिहिणं चालू राहू दे,
तुझी अक्का